उसनी जीभ

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज पुन्हा बस चुकली. दुकानात पोचले तेव्हा शटर वर गेलेलं आणि मालक स्वतः काचेवर फडकं मारत होते. म्हणजे माझं काम ते करत होते. बोलले काहीच नाहीत, नुसते फडकं मारत राहिले. बोलले असते तर परवडलं असतं!

दुपारच्या सुट्टीत मागच्या खोलीत, चष्म्यांच्या खोक्यांमध्ये बसून लिहितेय. डबा उघडलेला नाही. पहाटेपासून चमचा-चमचा करत इतका सॉस पोटात गेलाय की भूक मेली आहे.

हे कुणाला सांगायचं नाही म्हणून इथे लिहिते. वहिनीला वास येत नाही. मागच्या महिन्यात तिला ताप आला. ताप गेला तो जाताना वासही घेऊन गेला, चवही. तिखट कळतं, म्हणजे भाजतं तेवढं कळतं. बाकी सगळं पाण्यासारखं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कधी ते सांगता येत नाही. हे डॉक्टरांना माहीत, वहिनीला माहीत, मला माहीत. दादाला नाही.

आणि दादाच्या हॉटेलात लोक येतात ते वहिनीच्या बार्बेक्यू सॉससाठी. कोळशावर कोंबडी कुणीही भाजतं.

तापातून उठल्यावर तिने पहिलं पातेलं चढवलं, ते तळाला लागलं. सगळ्या हॉटेलला करपल्याचा वास, आणि ही शांतपणे ढवळत उभी! दादाला सांगितलं, बर्नर बिघडलाय. दादाने बर्नर बदलला. बिचारा.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा मला फोन. ‘‘अगं, तुझी जीभ थोडे दिवस उसनी दे.’’

थोडे दिवस! तेव्हापासून रोज पहाटे, दादा मटणवाल्याकडे गेला की, मी तिच्या ओट्याशी.


१० ऑक्टोबर, शुक्रवार

तिची पद्धत लिहून ठेवावी असं वाटतं, पण लिहिता येण्यासारखी नाही. मापंच नाहीत. आधी कांदा, अगदी मंद आचेवर, रंग न चढू देता. मग लसूण. मग टोमॅटोचा गर. तो आटून निम्मा झाला की काकवी, साखर, मोहरीची पूड, धुरावर सुकवलेल्या लाल मिरचीची पूड, काळी मिरी. व्हिनेगर दोनदा. एकदा मध्येच आणि एकदा गॅस बंद केल्यावर. ‘‘पहिलं शिजायला, दुसरं जागं राहायला,’’ असं म्हणते.

मग चमचा माझ्यापुढे. मी चाखते तेव्हा ती माझ्या तोंडाकडे अशी बघते की जणू मी तिचा दहावीचा निकाल वाचतेय.

‘‘आंबट आहे जरा.’’

‘‘जरा म्हणजे?’’

‘‘जरा म्हणजे जरा.’’

‘‘अहो वन्सं, जरा म्हणजे चमचा की पळी?’’

चिडली की वन्सं म्हणते. एरवी अगं-तुगं.

तिने साखरेचा डबा उघडला, मूठ भरली आणि घालताना मध्येच थांबली. ‘‘हात नको म्हणतोय गं माझा. पण तू म्हणतेस तर…’’ घातली.


११ ऑक्टोबर, शनिवार

लेक म्हणते, ‘‘आई, बसमध्ये तुझ्याशेजारी बसणाऱ्याला भूक लागत असेल. केसांना काय वास आहे!’’

हसले. अंथरुणावर पडले ती कपड्यांसकटच झोपले.


१३ ऑक्टोबर, सोमवार

काल संध्याकाळी दादाकडे गेले होते, लेकीचा चार्जर आणायला. खिडकीशी घड्याळवाले बसलेले. नाक्यावर घड्याळं दुरुस्त करतात. दर रविवारी मटणाच्या भाजलेल्या बरगड्या खातात, बोटं चोखत. किती वर्षं येतायत, कुणाला आठवत नाही. त्यांच्या ताटात अर्धी वाटी सॉस तसाच.

दादा म्हणाला, ‘‘का हो, पोट बिघडलंय?’’

ते म्हणाले, ‘‘पोट ठीक आहे. सॉस सरकलाय.’’

‘‘सरकलाय म्हणजे?’’

‘‘म्हणजे पूर्वी जिथे होता तिथे नाही.’’

दादा हसला, पण नुसत्या ओठांनी. आतल्या दारात वहिनी उभी होती. तिने ऐकलं. हातातलं फडकं घडी करत राहिली — घडी, पुन्हा घडी, पुन्हा घडी, शेवटी ते फडकं घडी होण्याइतकं उरलंच नाही.


१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज आम्ही जास्त चाखलं. गर आटताना, साखर घातल्यावर, पहिल्या व्हिनेगरनंतर, दुसऱ्या व्हिनेगरनंतर. मला प्रत्येक वेळी जरा कडवट, जरा आंबट लागत होतं. प्रत्येक वेळी साखर.

दिवसभर त्या सॉसचं नावसुद्धा नको वाटतं. दादाने मागच्या आठवड्याची एक बाटली भरून दिली होती घरी, ती उघडलीच नाही. फ्रिजमध्ये मागे सरकवून ठेवली.

आज एका आजोबांच्या चष्म्याला डावी काच उजवीकडे बसवून दिली. ते गेले, परत आले, म्हणाले, ‘‘बाई, जग तिरकं झालं.’’ मालकांनी फडकं घेतलं.


१६ ऑक्टोबर, गुरुवार

दादाच्या गल्ल्यावर एक भलामोठा पत्र्याचा डबा. तयार सॉस. कुणी विक्रेता ठेवून गेलाय, चाखून बघा म्हणून.

दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘छोटे, तुझ्या वहिनीला काय झालंय? तिचं लक्ष नसतं. सॉस रोज वेगळा लागतो. गिऱ्हाईक तोंडावर बोलत नाही, ताटात ठेवून जातं. मी तिला काही म्हटलं तर रडेल. तू विचार की.’’

मी म्हटलं, ‘‘दमली असेल.’’

‘‘मग बसू दे की गल्ल्यावर! मी कुठे नको म्हणतोय? हा डबा उघडायचा, वाटीत ओतायचा. तिला पण आराम.’’

दादा वाईट माणूस नाही. हे त्याने प्रेमाने म्हटलं. तेच तर अवघड आहे. वहिनीची भीती अगदी हीच आहे. मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती, ‘‘त्यांना कळलं की मला वास येत नाही, तर मला गॅसजवळ उभं करणार नाहीत. काळजीपोटीच करणार नाहीत. आणि एकदा गल्ल्यावर बसले ना, की मग मी या घरात पैसे मोजायला उरले.’’

पाटी दादाची, भट्टी दादाची, दुकानाचा परवाना दादाच्या नावावर. तिचं म्हणून ते एक पातेलं आहे.


१९ ऑक्टोबर, रविवार

सुट्टी. तरी त्याच वेळेला जाग आली.

नवऱ्याचा फोन आला. ट्रक कुठल्याशा ढाब्यापाशी उभा करून बोलत होता, मागे गाड्यांचे आवाज. ‘‘दमलीस का?’’ म्हणाला. मी म्हटलं, ‘‘नाही रे.’’ ‘‘मग आवाज असा का?’’ ‘‘कसा?’’ ‘‘इस्त्री न केलेला.’’ कुठून सुचतं याला!

दुपारी वहिनीकडे नुसतीच जाऊन बसले. ती अंघोळ करून आली होती. दुसऱ्यांदा. केस ओले. हळूच विचारलं, ‘‘माझ्या अंगाला वास तर येत नाही ना गं?’’

मी म्हटलं, ‘‘साबणाचा येतो.’’

‘‘खरं सांग.’’

‘‘खरं.’’

मग सांगत बसली. दूध नासलंय की नाही ते तिला उकळल्याशिवाय कळत नाही. टॉवेल कुबट झाला की नाही ते कळत नाही. मुलगा परगावी आहे, त्याचा जुना स्वेटर कपाटात आहे, तो परवा काढून नाकाशी धरला. ‘‘लोकर टोचली फक्त,’’ म्हणाली.

मी तिचा हात धरला. माझ्या मनात मात्र त्या क्षणीसुद्धा, खोटं कशाला लिहू, उद्या पुन्हा लवकर उठायचंय हेच घोळत होतं.


२१ ऑक्टोबर, मंगळवार

भांडलो.

सुरुवात माझी. मी म्हटलं, ‘‘साखर अजून हवी.’’ ती म्हणाली, ‘‘इतकी मी कधी घातली नाही.’’ मी म्हटलं, ‘‘मग मला कशाला विचारतेस?’’ ती म्हणाली, ‘‘तुला नाही विचारत, तुझ्या जिभेला विचारतेय.’’

काय लागलं ते मला! म्हटलं, ‘‘जिभेला माणूस जोडलेलं आहे, वहिनी. त्या माणसाला बस पकडायची असते. त्याचे पाय दुखतात. त्याची लेक परीक्षेला बसलीय आणि सकाळी ती एकटी उठून एकटी चहा करून घेते.’’

वहिनीची पळी फिरत राहिली.

मग म्हणाली, ‘‘जा तू. बस चुकेल.’’

गेले.


२२ ऑक्टोबर, बुधवार

गेले नाही आज. अंथरुणात पडून छताकडे बघत होते. लेकीने येऊन विचारलं, ‘‘आज सॉसला सुट्टी?’’ मी म्हटलं, ‘‘मला सुट्टी.’’ ‘‘मग झोप की!’’ झोप कुठली.

वहिनीचा फोन नाही.


२३ ऑक्टोबर, गुरुवार

गेले. मागचं दार उघडंच. कांदे चिरून ठेवलेले, टोमॅटो ठेवलेले, पातेलं स्वच्छ, कोरडं, गॅसवर. गॅस पेटवलेला नव्हता. वहिनी स्टुलावर बसलेली.

‘‘काल?’’ मी विचारलं.

‘‘काल पण असंच. त्यांना सांगितलं, सिलिंडर संपला. काल ताटाला परवाचा उरलेला दिला.’’ मग हसली. ‘‘बर्नर झाला, सिलिंडर झाला. आता काय बिघडवू ते सांग.’’

मी चपला काढल्या. ओट्याशी उभी राहिले. माफी कुणी कुणाची मागितली नाही. तिने पेटवलं, मी लसूण सोलला.

कांदा शिजताना म्हणाली, ‘‘तुझ्या लेकीला उद्यापासून नाश्त्याला इकडे येऊ दे. डबा मी करीन.’’

‘‘तुला चव नाही आणि तू तिचा डबा करणार?’’

‘‘तिला कुठे कळतं! मोबाइल बघत जेवते ती.’’

हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी. कांद्याचं म्हणायचं.


२५ ऑक्टोबर, शनिवार

दादा आज थेट बोलला. पातेल्यात बोट बुडवून चाखलं, माझ्यादेखत. ‘‘हा काय जॅम आहे? पावाला लावून द्यायचा का लोकांना?’’

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

मला तर पहाटे आंबट लागला होता! शपथ घेऊन सांगते. दादाचीच जीभ बिघडली असेल का? इतकी वर्षं कोळशाच्या धुरात उभा आहे. असं मनात म्हटलं आणि मलाच लाज वाटली.


२८ ऑक्टोबर, मंगळवार

ठरलं. येत्या शनिवारी संध्याकाळी दादा दोन वाट्या ठेवणार. एकीत घरचा, एकीत डब्यातला. कुठला कुठला ते सांगणार नाही. घड्याळवाले येणार आहेत, आणखी रोजचे दोघं-तिघं. लोकांना जो आवडेल तो पुढे चालू.

‘‘हे बघ,’’ दादा वहिनीला म्हणाला, ‘‘यात वाईट वाटून घ्यायचं नाही.’’

‘‘नाही वाटून घेत,’’ वहिनी म्हणाली.

‘‘तुझ्याच भल्यासाठी.’’

‘‘हो ना. माझ्या भल्याची तुम्हाला फार घाई.’’

दादा बाहेर गेल्यावर मला म्हणाली, ‘‘शुक्रवारी करू. एक रात्र मुरायला मिळेल. तू नीट झोपून ये. काही तिखट-बिखट खाऊ नकोस. जीभ जप.’’

गायिकेला गळा जपायला सांगतात तसं सांगितलं मला.


२९ ऑक्टोबर, बुधवार

घसा खवखवतोय. दुकानात एअरकंडिशनर थेट मानेवर येतो. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या.


३० ऑक्टोबर, गुरुवार

नाक बंद! ठार बंद. लेकीने आणून दिलेला चहा म्हणजे गरम पाणी. मीठ चाटून बघितलं — काहीतरी खरखरीत आहे, एवढंच. जिभेवर ओला पुठ्ठा ठेवल्यासारखं.

म्हणजे हे असं असतं वहिनीचं रोज. एका दिवसात मला रडू यायला लागलंय आणि ती दीड महिना या पुठ्ठ्यासकट स्वयंपाक करतेय, गिऱ्हाइकांशी हसून बोलतेय.

वाफ घेतली, पुन्हा घेतली. उपयोग शून्य.

लेकीला विचारलं, उद्या तू येशील चाखायला? म्हणाली, ‘‘आई, सकाळी पेपर आहे माझा!’’ खरंच की. विसरलेच होते. पोटच्या मुलीचा पेपर विसरले मी. हिलाही या सॉसचा कंटाळा आला असेल. पेपर कसा गेला विचारायला तरी लक्षात राहू दे.

वहिनीला सांगायचं का? सांगितलं तर ती पातेलं चढवणारच नाही. स्टुलावर बसेल. शनिवारी एकच वाटी उरेल, डब्यातली.

नाही सांगायचं.


३१ ऑक्टोबर, शुक्रवार

पहाटे गेले. दादा नेहमीप्रमाणे मटणवाल्याकडे गेलेला. वहिनीने आज नवी ओढणी कमरेला घट्ट बांधली होती, लढाईला निघाल्यासारखी. मी कमी बोलले. मान हलवायची, ‘हं’ म्हणायचं.

कांदा. लसूण. टोमॅटो. तिने चमचा पुढे केला. मी तोंडात घातला. काही नाही. गरम, जाडसर काही नाही.

‘‘कसंय?’’

‘‘हं. छान.’’

ती क्षणभर थांबली. माझ्याकडे बघितलं. मग काकवीची बरणी उचलली आणि वाकडी केली. काकवीची दोरी खाली उतरत होती, जाड, काळी. वहिनी तिच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मनगट आपोआप सरळ झालं.

‘‘पुरे?’’

‘‘पुरे.’’

साखर. मूठ भरली, अर्धी परत डब्यात सोडली.

‘‘पुरे?’’

‘‘पुरे.’’

मला कुठे काय कळत होतं! मी नुसती पुरे-पुरे म्हणत होते. वाटत होतं, आता सांगावं. आता. आता तरी. आणि प्रत्येक वेळी ती पुढचा जिन्नस उचलायची.

मग आटायला ठेवलं. वहिनी पातेल्यावर कान नेऊन उभी राहिली. मी आधी कधी बघितलं नव्हतं तिला असं करताना. म्हणजे माझं लक्ष चमच्यात असायचं. पातळ असतो तेव्हा सॉस फसफसतो, दाट झाला की एकेक बुडबुडा सावकाश फुटतो. गप्प… मग टप्. गप्प… मग टप्. वहिनी ऐकत होती. पळी तळापर्यंत नेऊन फिरवत होती, तळ सोडत नव्हती. मग बशीत थेंब टाकला, मधून बोट फिरवलं. रेघ तशीच राहिली. गॅस बंद. शेवटचं व्हिनेगर.

‘‘बघ,’’ चमचा पुढे.

मी चाखलं. पुठ्ठा.

‘‘मस्त,’’ म्हटलं मी.

ती हसली. काय ते हसणं! विश्वास होता का त्यात? मला बघवलं नाही. दोन बाया, दोघींच्या तोंडात मिळून एक चव नाही, आणि एवढं मोठं पातेलं भरून सॉस. मी तिला बुडवलं. उद्या सगळ्यांसमोर तिच्या वाटीकडे कुणी बघणार नाही आणि ती मात्र म्हणेल, वन्सं मस्त म्हणाल्या होत्या.


१ नोव्हेंबर, शनिवार

जायचं नाही असं ठरवलं होतं. गेले.

खिडकीजवळच्या टेबलावर दोन वाट्या. एकीखाली दादाने कागदाचा तुकडा ठेवला होता, त्याच्या स्वतःसाठी खूण. घड्याळवाले मधोमध बसले, खिशातून भिंग काढून टेबलावर ठेवलं. ते त्यांच्यासोबत सगळीकडे जातं. बाकीचे दोघं गमतीला आले होते. वहिनी आतल्या दाराशी. मी तिच्यामागे, भिंतीला टेकून, रुमाल नाकाला.

घड्याळवाल्यांनी पहिली वाटी चाखली. मान डोलावली. पाणी प्यायले. दुसरी चाखली.

पुन्हा दुसरी चाखली. मग ताटातली बरगडी उचलली, वाटीत बुडवली आणि खायला लागले. नुसते खायला लागले! दादा विचारतोय, ‘‘अहो, काय? कुठला?’’ हे खाताहेत. बाकीच्या दोघांनीही तीच वाटी ओढली. वाटीवरून ओढाताण.

शेवटी बोट चोखून म्हणाले, ‘‘जागेवर आला.’’

दादाने वाटी उचलून कागद बघितला. मग स्वतः चाखला. उभ्याउभ्या तीनदा घेतला, पाव मोडून मोडून. वहिनीकडे वळला आणि नुसताच बघत राहिला. डोळे भरले होते त्याचे, माझ्या दादाचे!

‘‘अगं, हाच,’’ म्हणाला. ‘‘हाच तो.’’

तयार सॉसचा डबा त्याने त्याच पावली उचलून मागच्या दाराबाहेर ठेवला.

वहिनीने वाट्या उचलून आत नेल्या.

मी? मला आनंद झाला. मग काहीतरी टोचायला लागलं. दीड महिना मी चाखत होते तेव्हा सॉस सरकत होता. काल मी चाखलाच नाही, आणि तो जागेवर आला.


२ नोव्हेंबर, रविवार

आज नाक थोडं उघडलं.

सकाळी लेकीने दात घासले, येऊन संत्र्याचा रस तोंडाला लावला आणि थू-थू करत बेसिनकडे पळाली. ‘‘शी! ब्रश केल्यावर काय कडू लागतं हे!’’

मी ब्रश हातात घेऊन उभी. पेस्टचा फेस तोंडात.

पहाटे उठायचं, दात घासायचे, केस बांधायचे, रस्ता ओलांडून दोन गल्ल्या धावायचं. तोंडात पुदिन्याचा गारवा असायचा तोवर पहिला चमचा आत. रोज कडवट. रोज आंबट. रोज साखर.

दुपारी, जेवणानंतर बऱ्याच वेळाने, फ्रिजमधली ती मागे ढकललेली बाटली काढली. बोटावर घेऊन चाखली. बंद-उघड्या नाकालासुद्धा कळलं.

जॅम.

वहिनीचा हात ‘नको’ म्हणत होता आणि मी त्या हाताला रोज चूप बसवत होते. पेस्ट लावलेल्या जिभेने! हसावं की रडावं कळेना, म्हणून भांडी घासली. सगळी. घासलेली पण घासली.

उद्या तिला सांगणार. सगळं. सर्दीसुद्धा.


३ नोव्हेंबर, सोमवार

सांगायची वेळच आली नाही.

गेले तर दादा स्वयंपाकघरातच उभा. वहिनी त्याला म्हणत होती, ‘‘दीड महिना मला वास येत नाही. चवही नाही.’’ दादाचा चेहरा पांढरा. हात गॅसच्या बटणाकडे गेला. वहिनीने तो हात धरला, बाजूला केला.

‘‘परवा तीन-तीनदा घेतलात ना? तो केला तेव्हाही येत नव्हता. आणि हिलाही येत नव्हता.’’

मी दारातूनच विचारलं, ‘‘तुला कुणी सांगितलं?’’

‘‘सांगायला कशाला हवं? त्या सकाळी ‘छान’ म्हणालीस ते ऐकलंस का स्वतःचं? नाक गेलंय माझं, कान नाही गेले.’’

‘‘मग थांबलीस का नाही? पुरे का, पुरे का, म्हणून मला विचारत का होतीस?’’

पळी पातेल्यावर आपटून तिने सॉस झटकला.

‘‘माझी मी करत होते. तुला वाईट वाटू नये म्हणून विचारत होते.’’

दादा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. बाजूला केलेला तो हात त्याने खिशात घातला.

‘‘उद्या येऊ नकोस,’’ वहिनी मला म्हणाली. ‘‘झोप. लेकीला चहा करून दे. रविवारी ये. जेवायला.’’